हिवरखेडची लाइन

अमरावतीत ज्या खोलीत मी उमेदीची सहा वर्षं कॉम्प्युटरपुढे बसून काढली, तिच्या खाली सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. दिवसभर खालून ट्यूब फुगवल्याचे आणि मधूनच फुटल्याचे आवाज यायचे आणि मी वरून ओरडायचो. तेव्हा मी फार ओरडायचो. आता पुण्यात काचेच्या इमारतीत बसतो. इथे कुणी ट्यूब फोडत नाही आणि मला ओरडायला काही कारणही उरलेलं नाही, तरी त्या खोलीची आठवण आली की जीव कासावीस होतो. त्याच खोलीत मी एकदा तीन प्रणालींची शर्यत लावली होती आणि तिचा निकाल चुकीचा दिला होता.

आमची कंपनी म्हणजे तीन माणसं. मालक अकोल्यात. त्यांना सगळे चाचा म्हणायचे. घरात तीन पिढ्या कापसाचा व्यापार, पण चाचांना लहानपणापासून रेडिओ उघडून बघायची खोड. ती खोड वाढत वाढत कॉम्प्युटरपर्यंत आली आणि जिनिंगकडे बघायचं काम भावांवर पडलं. दुसरा मी. आणि तिसरी ताई. वयानं माझ्याहून चार वर्षांनी धाकटी, पण तिच्याकडे बघून तिला एकेरी हाक मारायचं धाडस कुणाचं झालं नाही. ती हिवरखेडची सून, तेल्हारा तालुक्यातल्या. घरी काळ्या जमिनीचं वावर, नवरा शेती बघायचा. लग्नानंतर दोन वर्षं घरात सगळ्यांशी हुज्जत घालून तिनं कॉम्प्युटरचा कोर्स पुरा केला होता आणि आठवड्याचे सहा दिवस अकोल्यात खोली करून राहायची.

त्या वर्षांत वऱ्हाडाचं नाव रोज पेपरात असायचं आणि कशासाठी असायचं ते सांगायला नको. दिल्लीहून पथकं यायची, पॅकेजं जाहीर व्हायची, कॅमेरेवाले यायचे आणि वावरात उभ्या असलेल्या माणसाला ‘कसं वाटतंय?’ असं विचारून गाडीत बसून परत जायचे. मला त्यांचा भयंकर संताप यायचा. पण खोटं कशाला बोलू, आमचं कामही त्याच लाटेवर आलं होतं. एका संस्थेनं शेतकऱ्यांच्या फोनला उत्तरं देणारं केंद्र काढलं होतं. फोन आला की समोरच्या मुलीनं काय विचारायचं, कोणत्या उत्तरावर पुढचा कोणता प्रश्न, पानावर डाग असेल तर काय सांगायचं आणि बोंड गळत असेल तर काय, हे सगळं पडद्यावर दाखवणारा प्रोग्राम आम्ही लिहीत होतो.

प्रश्नांचा हा सगळा भाग ताईचा. माझ्या मते पहिला प्रश्न ‘गाव कोणतं’ हा होता. ताईनं तो खोडून तिथं ‘जेवण झालं का’ असं टाकलं. मी चिडलो. म्हटलं, यंत्राला जेवणाशी काय करायचंय? ती म्हणाली, “यंत्राले नाई भाऊ, मानसाले इचारून रायलो आपन. आपल्याकडे कोनी फोन उचलल्या उचलल्या गाव इचारते का? पोलीस इचारते.” संस्थेची माणसं आधी हसली, पण महिनाभरानं त्यांनीच सांगितलं की तो प्रश्न काढू नका, त्यानंतर लोक मोकळे बोलतात. ताई नसती तर आमचा प्रोग्राम म्हणजे नुसता सरकारी फॉर्म झाला असता, हे चाचांना कळत होतं आणि मलाही कळत होतं, फक्त मी ते कबूल करत नव्हतो.

मग एका दुपारी हिवरखेडहून फोन आला. ताईच्या सासूला अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू गेली. नवरा वावरात, जाऊ स्वतःच्या संसारात अडकलेली. ताईनं अकोल्यातली खोली सोडली आणि चार पिशव्या घेऊन गावी गेली. जाताना तिनं चाचांना एकच विचारलं, “तिकून काम केलं तर चालन का?”

चाचा भला माणूस, पण संस्थेला शब्द दिलेला होता. ते मला फोनवर म्हणाले, “देख बावा, लाइनीवरून काम येऊन रायलं तं बाईची नोकरी पक्की. नाई आलं तं मले दुसरा मानूस घ्यावा लागन. पंधरा दिवस देतो. तू मले सांग, हिवरखेडहून काम येऊ शकते का नाई.” ताईची ही नोकरी गेली असती तर दुसरी तिला हिवरखेडात कुठून मिळणार? ती कायमची घरात बसली असती. हे आम्हा तिघांनाही स्वच्छ दिसत होतं, आणि निकाल माझ्या हातात होता.

इथं थोडं कामाचं सांगावं लागेल. तोवर आमचा सगळा प्रोग्राम अकोल्याच्या एका मशीनवर असायचा. काही बदलायचं तर त्या मशीनशी जोडून घ्यायचं. अकोल्यात भारनियमन लागलं की अमरावतीत माझे हात बांधलेले. त्याच सुमारास नव्या तऱ्हेच्या प्रणाली आल्या होत्या. त्यांच्यात प्रत्येकाकडे अख्ख्या कामाची प्रत असते. नुसत्या आजच्या कामाची नव्हे, पहिल्या दिवसापासून कुणी कधी काय लिहिलं, काय खोडलं, त्या सगळ्या इतिहासासकट. आपण आपल्या जागी काम करायचं आणि लाइन, म्हणजे इंटरनेट, मिळाली की फक्त झालेले बदल एकमेकांना पाठवायचे. हिवरखेडसाठी हे अगदी योग्य होतं. प्रश्न एवढाच होता की अशा तीन प्रणालींपैकी कोणती लाइनीवर कमी भार टाकते.

त्यांची खरी नावं सांगत नाही, कारण त्यांचे भक्त अजून एकमेकांशी भांडतात. आम्ही त्यांना आमचीच नावं दिली होती. एक पॅसेंजर. ती दर स्टेशनावर थांबायची, म्हणजे समोरच्या मशीनला सारखी विचारायची, हे तुझ्याकडे आहे का, ते आहे का, मग एवढंसं पाठवायची आणि पुन्हा विचारायची. दुसरी एक्सप्रेस. ती फार चौकशी न करता असेल तो माल घेऊन सुसाट सुटायची. तिसरी काळी-पिवळी. तिला पाठव म्हटलं की आधी जागच्या जागी उभी राहायची, सगळा माल दाबून दाबून बसवायची, आपल्याकडच्या जीपमध्ये माणसं बसवतात तसा, आणि आत बोट शिरायला जागा राहिली नाही की मगच निघायची.

मी मोठ्या थाटात परीक्षा घेतली. आमच्या कामाचा सगळा इतिहास तिन्ही प्रणालींत भरला. आधी अख्खी प्रत अमरावतीहून अकोल्याला, मग एका ओळीचा बदल, मग पन्नास बदल एकदम. प्रत्येक फेरी दहा वेळा. एका बाजूला किती माल गेला ते मोजणारा प्रोग्राम आणि दुसऱ्या बाजूला हातात मोबाइलचं घड्याळ. खालचा सायकलवाला दोनदा वर येऊन विचारून गेला की आज ओरडत काहून नाही. चौथ्या दिवशी निकाल माझ्या वहीत तयार होता. एक्सप्रेस पहिली. काळी-पिवळीनं माल सगळ्यांत कमी नेला होता, पण दाबून भरण्यात ती एवढा वेळ घालवायची की माझं डोकं फिरायचं. मला खऱ्या काळी-पिवळीचाही रागच. परतवाड्याच्या स्टँडवर मी अशा जीपमध्ये अर्धा अर्धा तास घामानं निथळत बसलेलो आहे. मी तिला दुसरा नंबर दिला आणि विषय संपवला.

ऑफिसच्या जुन्या लॅपटॉपवर तिन्ही प्रणाली टाकून तो चाचांनी हिवरखेडला पोचवला होताच. मी ताईला फोन करून सांगितलं, एक्सप्रेस चालवा, पंधरा मिनिटांत अख्खी प्रत तुमच्याकडे येईल.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. “भाऊ, तुटली.”

“मंग पुन्हा लावा.”

“लावली. पुन्हा तुटली. तुटली का सुरूपासून येते, अर्धं आलेलं धरतच नाई.”

असं चार दिवस चाललं. सकाळी तुटली, दुपारी तुटली, एकदा तर जवळजवळ सगळी आली आणि वीज गेली. पाचव्या दिवशी माझा तोल सुटला. मी म्हणालो, “ताई, तुमीच काहीतरी चुकून रायल्या. माह्या इथं धा वेळा केलं, एकदा नाई तुटली.” मागून कुणीतरी कण्हल्याचा आवाज आला आणि ती म्हणाली, “ठेवते भाऊ, आत्यायले कूस बदलून द्याची हाय.” मी फोन आपटला. कुणावर आपटला ते मला आजही सांगता येणार नाही.

तेराव्या दिवशी, मंगळवारी, मी चाचांना कळवलं की हिवरखेडहून काम होणार नाही. चाचा म्हणाले, “ठीक हाय. एक पोट्टा पाहून ठेवला हाय, सोमवारपासून येते. तू सगळं तयार ठेव. आन् हिवरखेडले जाऊन लॅपटॉप घेऊन ये. बाईले तूच सांग, माह्याच्यानं होत नाई.”

मी सगळं तयार ठेवलं. टेबल साफ करावं तसं काम साफ केलं. जुन्या फाइली काढल्या, नको ते शेरे काढले. आमच्या प्रोग्रामात एक छोटी फाइल होती, तीत काम करणाऱ्यांची नावं एकाखाली एक. चाचा, मी, ताई. नवीन माणूस येणार तर त्याला जागा हवी म्हणून मी तिसरी ओळ खोडली. एक बटण दाबायला लागतो तेवढा वेळ लागला. त्याचं मला काही वाटलंही नाही.

बुधवारी सकाळी निघालो. अमरावतीहून अकोट आणि अकोटहून काळी-पिवळी. ती भरेपर्यंत चाळीस मिनिटं स्टँडवर उभी राहिली आणि मी नेहमीप्रमाणे धुमसत बसलो. भरल्यावर मात्र वाटेत कुठेही न थांबता तिनं हिवरखेडला नेऊन सोडलं. ताईच्या घरी पोचलो तेव्हा दुपार झाली होती. ओसरीवर खाटेवर सासूबाई पडलेल्या, त्यांच्या उशाशी लॅपटॉप, आणि लॅपटॉपपासून एक लांब वायर निघून खिडकीबाहेर गेलेली. वायरच्या टोकाला मोबाइल, तो कापडी पिशवीत घालून बांबूला टांगलेला, आणि बांबू न्हाणीच्या भिंतीला बांधलेला. गावात रेंज येते ती तेवढ्याच उंचीवर, असं ताईनं सांगितलं. मला त्या बांबूकडे बघूनच लाज वाटली. मी अमरावतीत पंख्याखाली बसून हिला ‘तुम्ही चुकता’ म्हणालो होतो.

ती म्हणाली, “आता आलेच हात तं पाहा.” आणि तिनं प्रत खाली घ्यायला लावली. मी खाटेजवळ खुर्ची ओढून पडद्याकडे बघत बसलो. आठ मिनिटांत लाइन तुटली. पुन्हा लावली, पाच मिनिटांत तुटली. तिसऱ्या वेळी गल्लीतून ट्रॅक्टर गेला, बांबू हलला आणि तुटली. सासूबाई तोंड वाकडं झालेलं असतानाही हसल्या आणि अडखळत मला म्हणाल्या, “हे असंच चालते दिवसभर. माही सून लय चिवट हाय.”

मग ताईनं आतून एक वही आणली. शाळकरी, दोनशे पानी, मागच्या पानांवर किराण्याच्या याद्या. तिनं नऊ दिवस प्रत्येक वेळी लाइन किती टिकली ते लिहून ठेवलं होतं. पुढच्या पानांवर आणखी एक तक्ता होता आणि तो पाहून मी खुर्चीत सरळ बसलो. अख्खी प्रत येत नाही म्हटल्यावर तिनं चार ओळींची एक खोटी फाइल केली होती, ती तिन्ही प्रणालींत घातली होती, आणि एकेक ओळ बदलून अकोल्याच्या मशीनला पाठवून पाहिली होती. प्रत्येक प्रणालीनं वीस वीस वेळा. पॅसेंजर निम्म्याहून जास्त वेळा मधेच मेली, कारण इथे एका प्रश्नाचं उत्तर यायलाच दोन सेकंद लागत आणि तिचे प्रश्न काही संपत नसत. एक्सप्रेस सहा वेळा तुटली. काळी-पिवळी विसातून एकदा.

“ही दाबून भरते तवा लाइन कुठं लागते तिले?” ती म्हणाली. “माल भरेपर्यंत मोबाइल बंद असला तरी चालते. मंग निघाली का एका दमात जाते. तुमी घड्याळ अमरावतीत लावलं भाऊ. लाइन तं हिवरखेडची हाय.”

इतकी वर्षं या धंद्यात असल्याचा तोरा मिरवणाऱ्या माणसानं मशीनचा वेळ आणि लाइनचा वेळ एकाच घड्याळात मोजला होता. ज्या मिनिटांना काही किंमत नव्हती त्यांचा राग धरला होता आणि ज्यांना होती ती पाहिलीच नव्हती.

“हे मले सांगतलं काहून नाई?” मी विचारलं.

“सांगत होती. तुमी फोन आपटला.”

तरीही एक अडचण राहतच होती. छोटे बदल जातील, पण आधी अख्खी प्रत तर इथे यायला हवी, आणि ती कोणत्याच प्रणालीनं येत नव्हती. मी तसं म्हणालो. ताई चहा ओतत होती. ती इतक्या सहज बोलली की जणू शेजारणीकडून विरजण मागवायचंय.

“पहिली खेप डब्यात पाठवा ना.”

मला आधी कळेना. हिवरखेडहून सकाळच्या पहिल्या एसटीनं अकोल्यात शिकणाऱ्या पोरींचे डबे जायचे. कंडक्टर ते ड्रायव्हरच्या मागे रचून ठेवायचा, अकोल्याच्या स्टँडवर पोरी आपापला डबा घेऊन जायच्या आणि संध्याकाळच्या गाडीनं रिकामे डबे परत यायचे. ताईच्या जावेची मुलगी अकोल्यात नर्सिंग शिकत होती, तिचा डबा त्यात असायचा. संध्याकाळच्या रिकाम्या डब्यात पेनड्राइव्ह ठेवला की अख्खी प्रत दोन तासांत हिवरखेडात. एकदा प्रत घरी आली की पुढं फक्त बदल, आणि बदल काळी-पिवळीनं जातात हे तिनं वीस वेळा पाहिलं होतं. पूर्ण प्रत सगळ्यांकडे असते म्हणूनच हे जमणार होतं. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. पण मला लाइनची परीक्षा घ्यायला सांगितलं होतं, म्हणून मी लाइनशिवाय दुसरा विचारच केला नव्हता.

मी लॅपटॉप न घेताच परत निघालो. स्टँडवर अकोल्याहून संध्याकाळची गाडी आली तेव्हा कंडक्टर दारात उभा राहून डबे खाली देत होता. कुणाला निळी पिशवी, कुणाला हिरव्या फडक्यात बांधलेला, बायका हात पुढे करून नेत होत्या आणि एकही चुकत नव्हता. मी पंधरा दिवस बाइट मोजत होतो आणि इथे ही व्यवस्था किती वर्षांपासून बिनबोभाट चालू होती.

गुरुवारी सकाळी अकोल्यात चाचांपुढे ताईची वही ठेवली आणि माझा निकाल चुकला हे सांगितलं. असं सांगायची मला सवय नव्हती, त्यामुळे मी ते जरा ओरडूनच सांगितलं. चाचांनी वही चष्मा कपाळावर चढवून, डोळ्यांजवळ धरून पानन् पान वाचली. म्हणाले, “पोट्टा सोमवारी येते. शनिवारपर्यंत टाइम हाय. करून पाहा.”

आमचं सगळं काम मी पुन्हा काळी-पिवळीत ओतलं आणि पेनड्राइव्ह त्याच संध्याकाळी डब्यात गेला. मी तो डब्याच्या खालच्या पुडात ठेवला आणि जावेच्या मुलीला सांगितलं, पण तिच्या घरी कळवायचं कुणालाच सुचलं नाही. आपल्याकडे डबा घरी आला की बाई झाकण उघडून बघत बसत नाही, आधी पाण्यात बुचकळते. ताईच्या जावेनं राख लावून डबा स्वच्छ घासला आणि त्याबरोबर आमचा सगळा इतिहासही. शुक्रवारी सकाळी ताईनं फोन केला तेव्हा ती हसत होती की रडत, कळत नव्हतं. मी ओरडायला तोंड उघडलं आणि चाचांनी माझ्या हातातून फोन काढून घेतला. “काही नाई बेटा,” ते म्हणाले, “दुसरा पाठोतो.”

दुसरा पेनड्राइव्ह चाचांनी स्वतः भरला. प्लास्टिकच्या दोन पिशव्या, वर रबर, आणि डब्याच्या सगळ्यांत वरच्या पुडात. मग त्यांनी खिशातून खजुराची पुडी काढून डब्यात ओतली. मी बघतच राहिलो. “रिकामा डबा पाठोत असतेत का कोनाच्या घरी?” ते म्हणाले. “आन् खजूर दिसले तं तिची जाऊ पाण्यात नाई टाकनार.”

शनिवारी आम्ही दोघं अकोल्याच्या ऑफिसात मशीनपुढे बसलो. प्रत पोचल्याचं ताईनं सकाळीच कळवलं होतं. आता तिच्याकडून एक बदल यायला हवा होता, एकच, पण लाइनीवरून. वीज होती. चाचांनी दोनदा घड्याळ पाहिलं. इतक्या वर्षांत स्वतःच्या कुठल्या परीक्षेला मी एवढा घाबरलो नव्हतो. आणि मग पडद्यावर ओळी हलल्या. आलं. हातातल्या घड्याळात चाळीस सेकंदसुद्धा झाले नव्हते. चाचा उठून उभे राहिले आणि त्यांनी माझ्या पाठीत एवढ्या जोरात थाप मारली की चष्मा माझ्या नाकावरून खाली आला.

“काय पाठोलं तिनं?” त्यांनी विचारलं.

मी बदल उघडला. एका ओळीचा होता. त्या छोट्या फाइलीत, चाचांच्या आणि माझ्या नावाखाली, तिसऱ्या जागी तिचं नाव. प्रत्येक बदलासोबत एक टीप लिहायची असते, का बदललं त्याची. तिनं लिहिलं होतं, ‘चुकून निघालं होतं, परत ठेवलं.’

अख्खा इतिहास सगळ्यांना जातो, हे मीच तिला शिकवलं होतं. पेनड्राइव्हमधून तिच्या घरी आमचं सगळं काम गेलं होतं, त्यात मंगळवारी मी खोडलेली ती ओळही होती, माझ्या नावानं, तारीख आणि वेळेसकट. तिनं प्रत उघडल्यावर ते सगळ्यांत वर दिसलं असणार. मी तिच्या घरी जाऊन तिचा चहा प्यायलो होतो, तिला सांगायला जे आलो ते न सांगता परत फिरलो होतो, आणि त्याआधीच तिचं नाव मी पुसून टाकलं होतं.

“कोनं काढलं होतं?” चाचा म्हणाले. त्यांनी विचारायचं म्हणून विचारलं, त्यांना पडद्यावर दिसतच होतं.

“म्या.”

चाचांनी टेबलावरचा फोन ओढला, त्या नव्या मुलाला लावला आणि सोमवारी येऊ नको म्हणून सांगितलं. त्याच्यासाठी भावाच्या जिनिंगमध्ये शब्द टाकतो असंही म्हणाले. मग चहा सांगायला खाली गेले.

इंटरनेट बंद केल्याशिवाय ताईच्या मोबाइलवरून फोन लागत नसे. पाचेक मिनिटांनी तिचा फोन आला. मागे सासूबाई कुणाला तरी काही सांगत होत्या.

“आलं का, भाऊ?”

“आलं. चाळीस सेकंदांच्या आत आलं. नोकरी पक्की हाय, चाचांनी त्या पोट्ट्याले नाई म्हून सांगतलं.”

तिनं श्वास सोडलेला मला ऐकू आला. मी गप्प बसलो असतो तर चाललं असतं. पण मला ते गिळता येईना.

“ताई,” मी म्हणालो, “ते चुकून नवतं निघालं. म्या काढलं होतं.”

“मालूम हाय मले,” ती म्हणाली. “पन टिपेत लिवलेलं सगळ्यायले दिसते, भाऊ. आन् ते कधीच मिटत नाई.”